पडणार माहीत असून उभं का राहायचं? : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की निकालाच्या दिवशी ज्याला गुलाल लागतो त्याचे फोटो सगळेच छापतात, पण जो दरवेळी उभा राहतो आणि दरवेळी पडतो त्याचीही कुणीतरी नोंद घ्यायला हवी. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की हे अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांची नावं मुद्दाम काढली आहेत, कारण बऱ्याच पत्रांत घरातल्या गोष्टी आहेत.

प्रश्न : ताई, आमचे पप्पा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. आमचं गाव कॅनॉलच्या टेलला आहे, वरच्या गावांना पाणी मिळतं आणि आमच्यापर्यंत येईपर्यंत आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपतं. पप्पा याच मुद्द्यावर विधानसभेला अपक्ष उभे राहतात, मध्ये झेडपीलाही उभे राहिले. प्रत्येक वेळी डिपॉझिट जातं. भाऊ म्हणतो लोक हसतात, माझ्या लग्नाच्या बोलणीत पण पाहुण्यांनी विषय काढला की तुमचे वडील ते इलेक्शनवाले ना. आई काही बोलत नाही. आता परत तयारी चालू आहे. त्यांना थांबवायचं कसं? (एक मुलगी, सोलापूर जिल्हा)

ताई, तुझं पत्र मी परत परत वाचलं. थांबवायचं कसं ते नंतर बघू, आधी थांबवायचं का ते बोलू, कारण तुझ्या पत्रातच एक गोष्ट आहे जी तू पटकन सांगून पुढे गेलीस. टेलला पाणी येत नाही हे खरं आहे ना? म्हणजे तुझे पप्पा हौसेसाठी किंवा बॅनरवर फोटो लागावा म्हणून उभे राहत नाहीत, त्यांच्याकडे एक मागणी आहे आणि ती दरवेळी तीच आहे. मोठ्या पक्षाचा उमेदवार पाच वर्षांत तीनदा मुद्दा बदलतो, त्याला आपण नेता म्हणतो, आणि एक माणूस पंधरा-वीस वर्षं एकच गोष्ट सांगत राहतो तर त्याला येडा म्हणतो, हे काही मला पटत नाही.

मी बरीच वर्षं मतमोजणी केंद्रांवर जाते. तिथे पक्षांच्या काउंटिंग एजंटांची गर्दी असते, मोबाईल बाहेर ठेवलेले असतात म्हणून सगळ्यांच्या हातात कागद-पेन, आणि जाळीच्या पलीकडे एखादा अपक्ष एकटाच बसलेला असतो. त्याच्याकडे एजंट ठेवायला माणसं नसतात म्हणून तोच उमेदवार आणि तोच एजंट. प्रत्येक फेरीला तो आपल्या नावासमोरचा आकडा वहीत उतरवतो, सात, चार, शून्य, अकरा. अकरा आले की थांबतो, कुठलं बूथ होतं ते शेजारच्याला विचारतो. त्या अकरा लोकांना कुणी पैसे दिले नव्हते, जेवण दिलं नव्हतं, गाडी पाठवली नव्हती. ते आपापले गेले आणि त्याचं बटण दाबून आले. त्या आकड्याकडे तो ज्या तऱ्हेने बघत असतो ते एकदा पाहिलं की माणूस हसत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण मला वाटतं घरातलं खरं दुखणं तिथे आहे आणि त्यात तू आणि तुझा भाऊ चुकत नाही आहात. विधानसभेचं डिपॉझिट १०,००० रुपये, लोकसभेचं २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं. पण खर्च तिथे थांबत नाही. पत्रकं, जीपचं भाडं, भोंगा, डिझेल, दोन-चार पोरांचा चहा-नाष्टा, ॲफिडेव्हिटचा स्टॅम्प आणि वकील, असं करत करत रिटायर माणसाच्या पीएफमधून कधी किती गेले ते त्यालाही कळत नाही. यावर मात्र तुम्ही घट्ट बसा. पप्पांना सांगा की उभं राहायला आमची हरकत नाही, पण आकडा आधी ठरणार, तो आई ठरवणार, आणि त्या पलीकडे एक रुपया उचलायचा नाही, उसने पण नाही आणि आईच्या दागिन्यावर तर नाहीच. पीएफची जी ठेव आहे ती आईच्या नावावर करून टाका. आई काही बोलत नाही असं तू लिहिलंस, तर तिला एकटीला घेऊन बस आणि विचार. कदाचित तिचा विरोध नसेल, फक्त तिला भीती वाटत असेल.

दुसरं, त्यांच्याकडून एक काम करून घे. निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० निघतो, त्यात कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते सगळं असतं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर मिळतो. मागच्या दोन-तीन निवडणुकांचे काढ आणि पप्पांसोबत बसून त्यांच्या नावाच्या रांगेवर पेनाने खुणा कर. माझा अंदाज आहे की मतं टेलच्या गावांतूनच असतील. मग त्यांना विचार, की अख्ख्या तालुक्यात जीप फिरवण्यापेक्षा या गावांतली माणसं गोळा करून पाणीवापर संस्था, ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण असं का नको? जिथे चार-पाचशे मतांनी निकाल फिरतो तिथे त्यांच्या चिकाटीला वजन आहे. आणि दोन निवडणुकांच्या मधल्या काळात पाटबंधारे ऑफिसात अर्ज, माहितीचा अधिकार, आवर्तनाचं वेळापत्रक मागणं, हे चालू ठेवलं तर उभं राहण्याला अर्थ येतो. मधली साडेचार वर्षं गप्प आणि शेवटचा महिना भोंगा, असं असेल तर मात्र लोक हसणारच, आणि ते पप्पांना तोंडावर सांगायचा हक्क तुला आहे.

लग्नाच्या बोलणीचं म्हणशील तर, जे पाहुणे या कारणावरून मागे हटले त्यांच्या घरी तू सुखी झाली असतीस असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : डिपॉझिट जप्त म्हणजे नेमकं किती मतं कमी पडली की जातं? आमच्या कट्ट्यावर यावर कायम वाद होतो. नोटा धरतात का? (एक वाचक, डोंबिवली)

वाद आज मिटवून टाका. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तर डिपॉझिट परत, नाहीतर गेलं. बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी गेलं, त्याच्या वर पाहिजे. नोटाची मतं या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे विधानसभेला २ लाख १० हजार वैध मतं पडली तर ३५,००० च्या वर लागतात, लोकसभेला १२ लाख पडली तर २ लाखांच्या वर. आता सांगा, कुठल्या साध्या माणसाला हे जमणार आहे? त्यामुळे डिपॉझिट गेलं म्हणजे इज्जत गेली असं जे आपण बोलतो ते चुकीचं आहे. २०२४ च्या लोकसभेला देशभरात साधारण ३,९०० अपक्ष होते, त्यातले ७ निवडून आले आणि बाकीच्या जवळपास सगळ्यांचं डिपॉझिट गेलं. १९५७ ला हेच अपक्ष ४२ निवडून आले होते. मोठमोठ्या लोकांचं पण गेलंय, अटलबिहारी वाजपेयी १९५७ ला एकाच वेळी तीन जागांवर उभे होते, बलरामपूरला जिंकले, लखनौला पडले आणि मथुरेत तर डिपॉझिट पण वाचलं नाही.

प्रश्न : मॅडम, तुम्ही या लोकांचं कौतुक करता पण मला हे पटत नाही. तामिळनाडूत एक माणूस फक्त रेकॉर्डसाठी दोनशेच्या वर निवडणुका लढला म्हणे. मशीनवर नावं वाढतात, सरकारी खर्च वाढतो, म्हाताऱ्या मतदारांचा गोंधळ होतो. डिपॉझिट सरळ पाच लाख करा, सगळी हौस फिटेल. (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, तुमची तक्रार मनापासून आहे हे कळतं, म्हणून उत्तर जरा लांबणार.

तुम्ही म्हणताय ते के. पद्मराजन. सेलम जिल्ह्यातल्या मेत्तूरचे, टायर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. १९८८ ला त्यांनी पहिला अर्ज भरला. आपल्यासारख्या दुकानदाराने निवडणूक लढवायची म्हटल्यावर लोक हसले आणि त्यांना दाखवायचं होतं की साधा माणूस पण उभा राहू शकतो. तेव्हापासून २०२४ पर्यंत दोनशे अडतीस वेळा हरले, ग्रामपातळीपासून राष्ट्रपतीपदापर्यंत. नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी, राहुल गांधी, सगळ्यांच्या विरोधात अर्ज भरलेत. १९९१ ला राव पंतप्रधान झाल्यावर नंद्यालची पोटनिवडणूक लढले, जी त्यांनी पाच लाखांच्या वर मतांनी जिंकली, तिथे पण हे गेले होते आणि तिथे आपल्याला पळवून नेलं होतं असं ते सांगतात. सगळ्यात जास्त मतं मिळाली ती २०११ ला स्वतःच्या मेत्तूरमध्ये, ६,२७३. या सहा हजार लोकांना माहीत होतं की हा निवडून येणार नाही. तरी त्यांनी दुकान बघितलं, माणूस बघितला आणि मत दिलं. आपण जिंकायला उभे राहत नाही असं पद्मराजन उघड सांगतात, आणि मला त्यात लपवाछपवी कुठेच दिसत नाही. पैसे पण दुकानातले, स्वतःचे.

त्यांच्या आधी बरेलीचे काका जोगिंदर सिंग होते, ज्यांना सगळे धरतीपकड म्हणायचे. जन्म गुजरांवालाचा, फाळणीनंतर इकडे आले, कापडाचा धंदा. तीनशेच्या वर निवडणुका लढले. डिपॉझिट जप्त झालं की ते देशाच्या तिजोरीला दिलेली वर्गणी समजायचे. १९९२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत शंकरदयाळ शर्मा, जी. जी. स्वेल आणि राम जेठमलानी यांच्यानंतर ते चौथे आले, मतमूल्य १,१३५. म्हणजे कुणीतरी आमदार-खासदारांनी त्यांना खरंच मत दिलं होतं. आणि आपल्या पुण्यात विजयप्रकाश कोंडेकर. वीज मंडळातून निवृत्त, सत्तरी उलटल्यावर पण स्टीलच्या हातगाडीवर पाटी लावून शिवाजीनगरच्या बाजूने फिरायचे, चोवीसच्या वर निवडणुका हरलेले, प्रत्येक नागरिकाला १७,००० रुपये मिळावेत ही त्यांची मागणी. मागणी पटो न पटो, पण कडक उन्हात एकट्याने गाडी ढकलत लोकांना थांबवून ती समजावून सांगणं, हे किती पुढारी करतात?

आता डिपॉझिट वाढवायचं. सर, हे करून झालंय. १९९६ पर्यंत लोकसभेचं डिपॉझिट फक्त ५०० रुपये होतं आणि त्या वर्षी देशभरात १३,९५२ उमेदवार उभे राहिले. तामिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार, नलगोंडाला ४८०, आपल्या बेळगावात ४५६. मतपत्रिकेचं पुस्तक छापायची वेळ आली. लगेच कायदा बदलला, डिपॉझिट १०,००० झालं, अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागायला लागले, एका वेळी दोनपेक्षा जास्त जागांवर उभं राहायला बंदी आली, आणि १९९८ ला उमेदवार ४,७५० वर आले. राष्ट्रपतीपदाला तर १९९७ पासून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि १५,००० रुपये, त्यामुळे पद्मराजन यांचे ते अर्ज छाननीतच बाद होतात. म्हणजे दार बऱ्यापैकी अरुंद करून झालंय.

पण ते १९९६ चे लोक कोण होते ते पण बघा ना. नलगोंडात लोक फ्लोराईडचं पाणी पिऊन वाकडे होत होते, हाडं ठिसूळ, लहान पोरांचे दात पिवळे, आणि कुणी ऐकत नव्हतं म्हणून त्यांनी शेकड्याने अर्ज भरले. बेळगावात सीमाप्रश्न होता, मराठी माणसाला दुसरा रस्ता दिसत नव्हता. आणि डिपॉझिट २५,००० झाल्यावर सुद्धा २०१९ ला निजामाबादला हळदीच्या भावासाठी आणि हळद बोर्डासाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी उभे राहिले, एकूण १८५ उमेदवार झाले, एका मशीनवर नोटासकट सोळा बटणं बसतात म्हणून प्रत्येक बूथवर बारा-बारा युनिट जोडावी लागली. खर्च झाला, गोंधळ झाला, मान्य. पण हळदीचा भाव त्याआधी दिल्लीत कुणी विचारत होतं का? त्या वर्षी तिथल्या विद्यमान खासदार के. कविता, तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्या, पडल्या.

पाच लाख डिपॉझिट केलं तर बिल्डर उभा राहील, वाळूवाला उभा राहील, टायरवाला राहणार नाही. पन्नास-साठ लाख उडवणाऱ्याला पाच लाखांनी काय फरक पडतो? मत द्यायचा हक्क आपण सगळे जपतो, पण उभं राहायचा हक्क पण तेवढाच मोठा आहे आणि तो पैशावर तोलला जायला लागला तर मग मत देऊन तरी निवडणार कुणातून? म्हाताऱ्या मतदारांच्या गोंधळाची काळजी खरी आहे, त्यासाठी मशीनवर आता फोटो असतात, आणि बूथवर नमुना मशीन लावून आधी समजावून सांगता येतं. तेवढं काम शिक्षकांनीच वर्षानुवर्षं केलंय, तुम्ही पण केलं असेल.

प्रश्न : पण हे अपक्ष मतं खातात त्याचं काय? आमचा चांगला उमेदवार असल्या लोकांमुळे पडला. (एक कार्यकर्ता, सातारा)

दादा, तुमचा राग कुठून आलाय ते कळलं. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ३२,७७१ मतांनी निकाल लागला आणि ट्रम्पेट चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या वर मतं पडली, कारण तुतारी वाजवणारा माणूस आणि ट्रम्पेट यात लोकांची गल्लत झाली. आयोगाच्या मराठी चिन्हयादीत ट्रम्पेटचं नाव पण तुतारीच होतं. दिंडोरीत तशाच एका अपक्षाला लाखाच्या वर मतं गेली, तिथे तुतारीवाल्या पक्षाचा उमेदवार तरीही निवडून आला म्हणून वाचला. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाने ९,८४९ मतं घेतली.

हे सगळं खरं आहे, पण मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ते हे नाहीत, आणि दोघांना एका मापाने मोजू नका एवढीच विनंती. एका निवडणुकीपुरता उगवलेला, प्रचार न केलेला, नाव किंवा चिन्ह सारखं म्हणून कुणीतरी अर्ज भरायला लावलेला उमेदवार वेगळा. दहा-पंधरा वर्षं तोच माणूस, तोच मुद्दा, तेच पत्रक घेऊन दारात येतो तो वेगळा. ओळखायची साधी खूण आहे, निकालानंतर तो गावात दिसतो की गायब होतो ते बघा. चिन्हांच्या गोंधळावर उपाय निवडणूक आयोगाने करायचा, त्यासाठी तुमच्या पक्षाने भांडलं पाहिजे आणि भांडले पण. पण ज्याला अकराशे मतं पडली त्याच्यावर तुम्ही वीस हजारांचा पराभव ढकलणार असाल तर ते बरोबर नाही. ती अकराशे माणसं तुमच्या खिशात नव्हती. ती तुमच्याकडे का आली नाहीत हे विचारायला त्यांच्याच दारात जायला लागेल.

प्रश्न : सारखं पडून शेवटी कुणी जिंकलं आहे का? की नुसतं मनाला समजवायचं? (एक कॉलेज विद्यार्थी, नांदेड)

जिंकलेत. आणि त्यातला सगळ्यात मोठा माणूस आपल्या पुण्यात नोकरीला होता. कांशीराम पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या स्फोटकं संशोधन प्रयोगशाळेत होते, तिथे आंबेडकर जयंतीची सुट्टी रद्द केली म्हणून दीनाभाना नावाचा कर्मचारी भांडला, त्याला निलंबित केलं, आणि त्या भांडणात कांशीराम उतरले ते परत नोकरीत रमलेच नाहीत. बामसेफ ही मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या कर्मचाऱ्यांची संघटना उभी केली, १९८४ ला बहुजन समाज पार्टी काढली. त्याच वर्षी ते जांजगीरमधून पडले. १९८८ ला अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत व्ही. पी. सिंगांच्या समोर उभे राहिले, तिसरे आले. १९८९ ला पूर्व दिल्ली आणि अमेठी, दोन्हीकडे पडले. १९९१ ला इटावातून निवडून आले. तिकडे मायावती १९८४ ला कैरानात पडल्या, १९८५ ला बिजनौरला, १९८७ ला हरिद्वारला, आणि १९८९ ला त्याच बिजनौरमधून खासदार झाल्या. १९९५ ला मुख्यमंत्री. कांशीराम कार्यकर्त्यांना सांगायचे, पहिली निवडणूक हरायला लढायची, दुसरी समोरच्याला हरवायला आणि तिसरी जिंकायला. हे त्यांनी नुसतं भाषणात सांगितलं नाही, प्रत्येक पराभवातून त्यांनी माणसं जोडली, सायकलवर फिरले, कुठल्या पट्ट्यात किती मतं पडली ती मोजली आणि पुढच्या वेळी तिथे परत गेले. म्हणून मी वरच्या ताईला फॉर्म २० काढ म्हटलं.

पण खुर्ची मिळाली तरच जिंकले असं मी मानत नाही. बाबासाहेब १९५२ ला उत्तर मुंबईतून पडले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पण पडले. आपल्याकडे ज्याने राज्यघटना लिहिली त्याला लोकसभेत जाता आलं नाही. म्हणून त्यांचं उभं राहणं वाया गेलं असं कोण म्हणेल?

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगते, मला फार आवडतं. इंग्लंडमध्ये लॉर्ड सच नावाचा रॉक गायक होता, उंच टोपी, रंगीबेरंगी कपडे, १९६३ पासून १९९० च्या दशकापर्यंत चाळीसच्या आसपास निवडणुका लढला आणि सगळ्या हरला. लोक त्याला विदूषक म्हणायचे. पण १९६३ ला तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याची मागणी होती की मतदानाचं वय १८ करा, तेव्हा तिकडे ते २१ होतं. १९६९ ला ब्रिटनने कायदा करून ते १८ केलं. आपल्याकडे त्याला १९८९ उजाडलं. सचमुळेच झालं असं नाही, त्याच्यामागे बरीच चळवळ होती, पण ज्या मागणीला त्याच्या तोंडी लोक हसले ती सहा वर्षांत कायदा झाली. आणि १९९० च्या बूटल पोटनिवडणुकीत त्याला ४१८ मतं मिळाली तर माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या एसडीपी (सोशल डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाला १५५, त्या धक्क्यानंतर त्या पक्षाने गाशाच गुंडाळला.

तू नांदेडचा आहेस, कॉलेजात आहेस, तुझ्या मतदारसंघातल्या यादीत खाली खाली जी नावं असतात ती एकदा वाच. त्यातला एखादा माणूस तुझ्या गल्लीच्या मागे राहत असेल.

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे, अंगणवाडी सेविकांच्या मानधनासाठी काम करते, पक्ष तिकीट देणार नाही. अपक्ष म्हणून विधानसभेला उभं राहायचंय, पडणार हे माहीत आहे. काय काय सांभाळू? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उभ्या राहा, मनापासून शुभेच्छा. आधी एक बघा, तुम्ही स्वतः मानधनावर सेविका असाल तर उमेदवारी चालते का ते वकिलाला आणि निवडणूक अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्या, छाननीच्या दिवशी कळून उपयोग नाही. दहा सूचक लागतात आणि ते तुमच्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जावर बरोबर लिहा, इथेच सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात. दहाच्या ऐवजी दोन-चार जास्त सह्या घेऊन ठेवा, कारण शेवटच्या दिवशी एखाद्या सूचकावर दबाव येतो आणि तो सही माझी नाही म्हणतो. ॲफिडेव्हिटमधला एकही रकाना कोरा सोडू नका, लागू नसेल तर तसं लिहा. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा, अर्जाच्या किमान एक दिवस आधी. रोजचा खर्च रोज लिहा, चहाचं बिल पण ठेवा, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जमा करा. पडलेले बरेच उमेदवार इथे कंटाळा करतात आणि मग आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, म्हणजे पुढची निवडणूक हातातून जाऊ शकते.

आणि मतमोजणीला स्वतः जा. शेवटच्या फेरीपर्यंत बसा, मधे उठू नका, प्रत्येक बूथचा आकडा वहीत घ्या. निकालानंतर मला कळवा.